सतरा नंबरची सप्तमी

जिल्हा रुग्णालयाच्या पुरुष शस्त्रक्रिया कक्षातल्या सतरा नंबरच्या खाटेनं परिचारिकांच्या राज्यस्तरीय अधिवेशनात निबंध वाचायचं ठरवलं, आणि प्रस्ताव पाठवण्याची मुदत त्याच दिवशी संपत असल्यामुळे कक्षप्रमुख सिस्टर एस्तर पाटोळे यांना जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवून अर्ज भरायला बसावं लागलं.

खाट बोलते याचं कक्षात कुणाला अप्रूप नव्हतं. लोखंडी खाटा सगळ्याच कुरकुरतात. सतरा नंबरची स्पष्ट बोलायची, एवढाच फरक. एस्तरबाई नोकरीला लागल्या त्याच्या आधीपासून ती खिडकीशेजारी उभी होती आणि जुन्या माणसाला असतो तेवढा तिरसटपणा तिच्यात होता. पण आजवर तिनं कधी कुणाविरुद्ध लेखी काही दिलं नव्हतं. ही वेळ तिच्यावर एका समासानं आणली.

झालं होतं असं. हरिबा लोंढे नावाचा सत्तरीतला माणूस मांडीचं हाड मोडून सतरा नंबरवर पडून होता. सारा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेलेला, त्यामुळे हाड मोडलं तरी तोंड शाबूत होतं. त्याला आपल्या अंगानं हलता येत नव्हतं. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी दाब पडून पाठीला जखम होते. कक्षात खाटा साठ, दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून झोपवलेले आणखी बरेच, आणि एका पाळीला नर्सा दोन. तिसऱ्या नर्सचं पद मंजूर होतं, पण त्या पदावर माणूस नव्हतं. एस्तरबाई दर महिन्याला तसं पत्र लिहीत आणि पत्र पोचल्याचं पत्र त्यांना दर महिन्याला येत असे. शेवटी हरिबाच्या पाठीला जखम झाली. नेमके मोठे साहेब पाहणीला आले असताना त्यांना वास आला आणि चौकशी लागली.

शल्यचिकित्सकांनी इंग्रजीत दोन ओळींचा अहवाल लिहिला: रुग्णाला बेडसोअर झाला, कारण नर्सा अपुऱ्या आहेत. अहवाल वर मराठीतून जायला हवा म्हणून तो मुख्य लिपिक हुपरीकर यांच्या टेबलावर आला. हुपरीकरांना शाळेत व्याकरणात पैकीच्या पैकी गुण मिळाले होते आणि त्यानंतर त्यांना कशातच तेवढे गुण मिळाले नव्हते. बेडसोअरला शय्याव्रण हा शब्द त्यांना तोंडपाठ होता. पुढचा रकाना होता ‘जबाबदारी निश्चित केली काय?’ हुपरीकरांनी समासाचा विग्रह केला. शय्याव्रण म्हणजे शय्येने केलेले व्रण, तृतीया तत्पुरुष. तृतीया विभक्ती ज्याने क्रिया घडते त्याला लागते. म्हणजे जबाबदार शय्या. एवढं निश्चित झाल्यावर नर्सा अपुऱ्या असल्याचं वाक्य त्यांना पाल्हाळ वाटलं आणि त्यांनी ते काढून टाकलं.

आठवड्याभरात आदेश आला. जबाबदार खाट निर्लेखित करून भंगाराच्या लिलावात काढावी व प्रकरण बंद करावे. लहानूमामांनी, म्हणजे कक्षातल्या शिपायांनी, हुकमाप्रमाणे खाटेच्या पायावर खडूनं फुली मारली. फुली मारताना ते खाटेला "माफ कर गं बाई" म्हणाले.

एस्तरबाई मात्र तडक कार्यालयात गेल्या. त्यांचा संताप खाटेपुरता नव्हता. खाट दोषी ठरली की प्रकरण बंद होणार, प्रकरण बंद झालं की तिसऱ्या नर्सचा विषयही त्याच्याबरोबर फडक्यात बांधून कपाटावर जाणार, आणि उद्या एकोणीस नंबरच्या पाठीला जखम झाली की एकोणीस नंबरची खाट लिलावात निघणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी हुपरीकरांना सांगितलं की हा तृतीया नव्हे, सप्तमी तत्पुरुष आहे. शय्येवर झालेले व्रण.

हुपरीकरांनी चष्मा काढला. त्यांना आनंद झाला होता. कार्यालयात व्याकरणावर बोलणारं माणूस त्यांना प्रथमच भेटत होतं. त्यांनी शांतपणे समजावलं की ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय असून सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ हे आहेत. सप्तमीच हवी असेल तर ‘शय्येत झालेले व्रण’ असं म्हणावं लागेल, आणि तसं म्हटलं तर जखम गादीला झाली असा अर्थ निघून भांडार विभागाची चौकशी लावावी लागेल.

"अहो, माणसाची पाठ सडली," एस्तरबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही प्रत्यय मोजताय."

"पाठ माझ्या अखत्यारीत नाही, बाई," हुपरीकर म्हणाले. "प्रत्यय आहेत."

तरी एक वाट त्यांनीच दाखवली. एखादा विषय तज्ज्ञांपुढे विचारासाठी गेला असेल तर निकाल लागेपर्यंत लिलाव थांबवता येतो. फलकावर अधिवेशनाचं परिपत्रक लागलेलंच होतं. अधिवेशनाचा मुख्य विषय होता ‘परिचर्या: रुग्णशय्येपाशी’. एस्तरबाईंनी तो कक्षात येऊन वाचून दाखवला तेव्हा खाट इतकी थरथरली की हरिबाच्या उशाचा पेला पडला.

"विषय माझा, आणि मलाच बोलावणं नाही," खाट म्हणाली. "लिहा अर्ज. मी बोलेन."

अर्जाचा पहिला रकाना नावाचा होता, तो सोपा गेला. शैक्षणिक पात्रता विचारल्यावर खाटेनं ‘लोखंड’ असं सांगितलं. एस्तरबाईंनी ‘दीर्घ प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहिलं. पुढं नोंदणी क्रमांक होता. प्रत्येक नर्सला असा क्रमांक असतो आणि तो नसला तर तिला नर्स म्हणत नाहीत. खाटेच्या पायावर, खडूच्या फुलीच्या थोडं वर, जडवस्तू नोंदवहीतला क्रमांक पांढऱ्या रंगानं रंगवलेला होता. एस्तरबाईंनी तोच उतरवला. त्यात खोटं काही नव्हतं, नोंदणी झालेलीच होती.

शीर्षकावर थोडी घासाघीस झाली. खाटेला ‘उगाच माझं नाव’ असं हवं होतं. अधिवेशनातल्या शीर्षकाला मधे दोन टिंबं असावी लागतात, ती नसली तर निबंध अभ्यासपूर्ण वाटत नाही, हे एस्तरबाईंनी तिला पटवलं आणि ‘तृतीया की सप्तमी: शय्याव्रणाच्या विग्रहाचा परिचर्येवरील परिणाम’ असं ठरलं. हरिबानं पडल्या पडल्या दोनदा ऐकून घेतलं आणि यात आपण कुठं आलो असं विचारलं. रुग्णाचं नाव गुप्त ठेवायचं असतं, असं बाईंनी सांगितलं.

"साऱ्या हॉलला वास आला की माझा," हरिबा म्हणाला. "आता गुप्त काय ऱ्हायलं?"

खरी अडचण गोषवाऱ्यात आली. निबंधात काय सांगणार ते थोडक्यात लिहायचं होतं. खाटेनं सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या वाक्याला एस्तरबाईंचं पेन थांबलं. वाक्य असं होतं: ‘कर्तव्यावरील परिचारिकेने रुग्णाची कूस बदलली नाही.’

"ती परिचारिका मी होते," एस्तरबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. म्हणूनच नाव घातलं नाही."

त्यावर एस्तरबाईंनी खाटेला त्या दुपारची हकिगत सांगितली. चार नंबरच्या पोटाचे टाके उसवले होते. एकतीस नंबर उठायला गेला आणि पडला. जोडीच्या मुजावर सिस्टर एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेल्या होत्या, आणि दारात नातेवाईक भांडत होते की सलाईन संपलं तरी कुणी बघत नाही. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज चढला. तीन पेशंटांनी डोळे उघडून पाहिलं. खाटेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की चार नंबर तिला तिथून दिसत नाही, मधे खांब आहे.

"तुला दिसत नाही म्हणून तो नव्हता का?"

"नव्हता असं मी म्हणत नाही. पण माझ्यावरच्या माणसाची कूस बदलली नाही, हेही खरं आहे. ते तुम्ही खोडू नका. तुम्ही ते खोडलंत तर तुमच्यात आणि हुपरीकरांत फरक काय?"

एस्तरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धोब्याच्या दोरीवर हिरव्या चादरी वाळत होत्या. खाटेचं म्हणणं त्यांना पटलं होतं आणि त्यामुळेच तिचा राग येत होता. हे वाक्य छापून आलं तर पगारवाढ थांबेल, सेवापुस्तकात शेरा येईल, कोपऱ्यात कुजबुज होईल. शेवटी त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि त्याच्यापुढं जोडलं: ‘कारण पदे तीन असून परिचारिका दोनच होत्या.’ खाटेनं ते परत वाचायला सांगितलं आणि राहू द्या म्हणाली.

राहता राहिला उद्दिष्टांचा रकाना. ‘सत्राअखेर श्रोत्यांना काय करता येईल?’ असं त्यात विचारलं होतं. खाट म्हणाली, सत्राअखेर श्रोत्यांना लाज वाटेल. एस्तरबाईंनी तिला समजावलं की उद्दिष्ट मोजता येण्याजोगं असावं लागतं आणि लाज मोजण्याची सोय अजून झालेली नाही. तेव्हा खाटेनं विचार करून सांगितलं, "सत्राअखेर श्रोते उठतील आणि जवळच्या रुग्णाची कूस बदलतील." एस्तरबाईंनी तसंच लिहिलं. अर्जात हे एकच वाक्य कसलीही काटछाट न होता गेलं.

चार दिवसांनी अधिवेशनाच्या कार्यवाह प्राचार्या नाडगौडा यांचा फोन आला. त्यांचा आवाज गोड होता आणि त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरं का’ म्हणत. प्रस्ताव समितीला फार आवडला होता. फक्त तीन शंका होत्या. पहिली, अर्जासोबतच्या छायाचित्रात एक खाट आणि तिच्यावर तोंड उघडं टाकून झोपलेले एक गृहस्थ दिसतात. यातलं सादर करणार कोण? एस्तरबाईंनी सांगितलं की खाट. प्राचार्याबाईंना हायसं वाटलं, कारण पुरुषांच्या राहण्याची सोय समितीनं केलेली नव्हती.

दुसरी शंका वादाबद्दल होती. अधिवेशनात वाद नको असं समितीचं मत होतं. तृतीया म्हटली तर खाटेला लागतं, सप्तमी म्हटली तर परिचारिकांना लागतं. तेव्हा कुणालाच लागणार नाही अशी षष्ठी घ्यावी. शय्याव्रण म्हणजे शय्येचे व्रण. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता, त्यामुळे खाटेनं हे ऐकलं.

"जखम माझी?" ती म्हणाली. "यांच्या पाठीचं मांस गेलं, आणि जखम माझी? बाई, फोन माझ्या कठड्यापाशी आणा."

पुढची काही मिनिटं खाट आणि प्राचार्या नाडगौडा यांचं थेट बोलणं झालं. खाटेनं त्यांना शेवटचं कधी कक्षात गेला होतात असं विचारलं. प्राचार्याबाईंनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अद्ययावत खाटा असल्याचं सांगितलं. त्या खाटांवर कोण झोपतं, असं खाटेनं विचारलं. रबरी पुतळे, असं उत्तर आलं. पुतळ्यांना जखमा होतात का, असं खाटेनं विचारल्यावर पलीकडून षष्ठीचा आग्रह नाही, बरं का, असं आलं.

तिसरी शंका नियमाची होती. निबंध उभ्यानं वाचावा लागतो.

"मी बसलेय कधी?" खाट म्हणाली.

प्रस्ताव मंजूर झाला. आता प्रश्न खाटेनं जायचं कसं हा होता. शासकीय जागेतून कुणालाही बाहेर कामासाठी जायचं असेल तर आधी कार्यमुक्त व्हावं लागतं, आणि हुपरीकर याबाबतीत कुणाची गय करत नसत. त्यांनी एकाच कागदावर ‘श्रीमती पाटोळे व अन्य एक’ यांना अधिवेशनासाठी कार्यमुक्त केल्याचा आदेश काढला. अन्य एकचा नोंदणी क्रमांक त्यांनी अर्जावरून उतरवून घेतला. पायावरची फुली पुसावी का, असं लहानूमामांनी विचारलं तेव्हा आदेशात तसा उल्लेख नसल्याचं सांगून ती ठेवायला लावली.

हरिबाला खाली गादीवर घेतलं. त्यानं फरशीला हात लावून बघितला. मग खाट मंडपाचं सामान नेणाऱ्या टेम्पोत चढवली गेली आणि एस्तरबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. वाटेत त्यांच्या मनात एकच होतं. उपसंचालक समोर बसलेले असतील. एवढ्या वर्षांची पत्रं ज्यांच्या टेबलावर पोचली आणि पोचल्याचं कळलं, ते गृहस्थ एकदा तरी जागच्या जागी ऐकतील.

अधिवेशन अधिवेशनासारखंच झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाली, श्रीफळं, मग ज्यांना शाली मिळाल्या त्यांनी ज्यांनी दिल्या त्यांना दिलेल्या शाली. परिचारिका म्हणजे माया, परिचारिका म्हणजे शुभ्र वस्त्रातली माउली, असं चार वक्त्यांनी सांगितलं, आणि माउली पाळी संपवून रात्रीचा प्रवास करून आलेल्या असल्यामुळे त्यांनी मागच्या रांगांत डुलक्या घेतल्या. खाटेचं सत्र जेवणाच्या आधी होतं, ते जेवणानंतर गेलं. दहा मिनिटांची पाच झाली. व्यासपीठावर तिला चार स्वयंसेविकांनी चढवलं तेव्हा सूत्रसंचालिकेनं तिच्यावर हारांची टोपली ठेवली, ती एस्तरबाईंनी उचलली.

खाटेनं सप्तमीचं व्याकरण चार वाक्यांत आटोपलं. ती म्हणाली की ‘त’ प्रत्यय लावायचा की ‘वर’ लावायचं ते लिपिकांनी ठरवावं. तिच्यात कुणी झोपत नाही, तिच्यावर झोपतात. मग तिनं हरिबाची पाठ सांगितली. पहिल्या दिवशी लाल डाग होता, तो तिला उबेनं कळला. मग कातडी ओली लागायला लागली. मग हरिबा रात्री दात आवळायचा ते तिला कठड्यातून कळायचं. ती कुरकुरली. साठांतली एक कुरकुरते म्हणून कुणी आलं नाही. "मी कुणाला दोष द्यायला आले नाही," ती म्हणाली. "या बाई आल्या नाहीत हे मी लिहिलंय. आणि ते त्यांच्याच हातानं लिहिलंय. तीन पदं, दोन माणसं. आता विग्रह तुम्ही करा."

मंडपात डुलक्या थांबल्या होत्या. अध्यक्षीय खुर्चीतून उपसंचालकांनी पुढं वाकून विचारलं की नेमकं काय हवंय. एस्तरबाई श्रोत्यांतून उभ्या राहिल्या. राग आवाज सांभाळून घेत होता. तिसरी नर्स, असं त्या म्हणाल्या. उपसंचालकांनी स्वीय सहायकाला वही काढायला सांगितली, सर्वांसमक्ष लिहून घेतलं आणि कक्षातलं रिक्त पद महिनाअखेरीच्या आत भरलेलं दिसेल, असं जाहीर केलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. उद्दिष्ट मात्र तपासता आलं नाही, कारण मंडपात कूस बदलण्यासारखं कुणी नव्हतं.

परतीच्या वाटेवर एस्तरबाईंनी कितीतरी दिवसांनी सावकाश डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूमामा आणि वाहनचालक खाट कक्षाकडं नेत असताना हुपरीकरांनी त्यांना कार्यालयाच्या दारात थांबवलं. जो कार्यमुक्त झाला त्यानं परत आल्यावर रुजू व्हावं लागतं. एस्तरबाईंनी सही केली. आता अन्य एक.

"ती खाट आहे," एस्तरबाई म्हणाल्या. "तिला जागेवर नेऊन ठेवायची, झालं."

"खाट म्हणून गेली असती तर सामान बाहेर नेण्याचा परवाना लागला असता," हुपरीकर म्हणाले. "गेली नोंदणी क्रमांकासह. निबंध वाचला परिचारिकांत. परवाना काढलेला नाही, म्हणजे ती सामान नाही. रुजू व्हायला पद लागतं. कक्षात पद एकच रिक्त आहे." त्यांनी वरून आलेला संदेश दाखवला. रिक्त पद महिनाअखेरीच्या आत भरल्याचा अहवाल सादर करावा. "आणि वरचेही म्हणतायत भरा. मी भरलं."

एस्तरबाई तिथं काय काय बोलल्या ते हुपरीकरांनी टिपून ठेवलं नाही, कारण त्यातलं बरंचसं कार्यालयीन भाषेत बसणारं नव्हतं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "ती हात कुठनं आणणार?"

हुपरीकरांनी नेमणुकीच्या अटी पुन्हा वाचल्या. त्यांत हातांचा उल्लेख नव्हता.

अशा रीतीनं सतरा नंबरची खाट तिसरी परिचारिका झाली. निर्लेखनाचा आदेश आपोआप रद्द झाला, कारण कर्मचाऱ्याला लिलावात काढता येत नाही, आणि मामांनी फुली ओल्या फडक्यानं पुसली. हजेरीपटावर तिचं नाव आलं. साप्ताहिक सुट्टी मंगळवारची ठरली. एस्तरबाई आणि ती, या दोघींत ज्येष्ठ कोण हा प्रश्न, खाट कक्षात आधी आलेली असल्यामुळे, मार्गदर्शनासाठी वर पाठवण्यात आला. पेशंटांनी तिला सिस्टर म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या नर्सविषयीच्या एस्तरबाईंच्या साऱ्या पत्रांना एकदम उत्तर आलं: पद भरलेले असल्याने पत्रव्यवहार बंद करण्यात येत आहे.

आणि हरिबा खालीच राहिला. नर्सच्या अंगावर पेशंटला झोपवता येत नाही, हे सांगायला नियमाची गरज नव्हती. फरशीवरच्या माणसाची कूस बदलायची तर गुडघे टेकून बसावं लागतं, आणि एस्तरबाईंचे गुडघे आता लवकर उठू देत नसत. खिडकीशेजारी सिस्टर सतरा नंबर रिकाम्या उभ्या असत, अंगावर स्वच्छ पांढरी चादर. लोक चहूकडून हाका मारत आणि ती "आले" म्हणे. हलायची नाही. त्याबद्दल तक्रार कुणी केली नाही. आले म्हटलेलं ऐकलं की पेशंटला तेवढ्यापुरता धीर येतो, आणि त्यांना पूर्वीही बहुतेकदा तेवढंच मिळत होतं.

एका दुपारी एस्तरबाई हरिबाशेजारी फरशीवर बसल्या होत्या. जखम धुऊन झाली होती, पण उठवत नव्हतं. हरिबा डोळे मिटून म्हणाला की बाजारात बैल सुद्धा असा गार जमिनीवर बसवून दाखवत नाहीत, गिऱ्हाईक जातं.

"बाई," खाट हळू आवाजात म्हणाली, "नोकरीवर असलेल्या माणसाला दुसऱ्या पदावर तात्पुरतं पाठवतात, त्याला काय म्हणतात?"

"प्रतिनियुक्ती."

"मला खाट म्हणून प्रतिनियुक्तीवर पाठवता येईल?"

एस्तरबाईंनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग खिशातून पेन काढलं. अर्ज त्यांनी तिथंच, फरशीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला. सिस्टर सतरा नंबर यांची सेवा याच कक्षात खाट या पदावर आवश्यक असल्याने त्यांना पुढील आदेशापर्यंत प्रतिनियुक्तीवर पाठवावे.

हुपरीकरांनी हरकत घेतली नाही. अशा प्रतिनियुक्त्या त्यांच्या हातून वर्षानुवर्षं होत होत्या. कुणी नर्स साहेबांच्या कार्यालयात टपाल लावत होती, कुणी आठवड्यातून दोनदा मंत्र्यांच्या आईला इंजेक्शन द्यायला जात होती. त्यांच्या मूळ जागा भरलेल्याच धरल्या जात. त्यांनी फक्त एवढं स्पष्ट केलं की मूळ पद सिस्टरांच्याच नावावर राहील आणि त्यावर दुसऱ्या कुणाची मागणी करता येणार नाही. एस्तरबाईंनी ‘समजले’ असं लिहून खाली सही केली. सही करताना कागद फाटला. मामांनी मागून चिकटपट्टी लावली.

आदेश निघाल्यावर हरिबाला उचलून वर घेतलं. एस्तरबाई, मुजावर सिस्टर आणि मामा, तिघांनी मिळून. वर आल्यावर त्यानं पाठ न टेकता एका अंगावर राहूनच कठडा धरला आणि बरं वाटलं असं म्हणाला. खाट थोडी कुरकुरली, मग स्थिर झाली.

"दोन तासांनी यायला हवं," ती म्हणाली.

"येते."

तेवढ्यात खांबाआडून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली, आणि दाराकडून आणखी एकानं. एस्तरबाईंनी हातमोजे काढत तिकडं पाहिलं.

"बाई," खाट म्हणाली, "जमेल तेव्हा या."